अन्वर मणियारच्या रक्तातला आकडा

१

बाजरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून हवालदार वना अहिरेने गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर काढल्या, तेव्हा दारात जमलेल्या गल्लीला पाहिजे होतं ते मिळालं.

"हाई देखा मॅडम! जहर बाजरीमां दपाडेल शे!"

"ओरडू नका," सहायक निरीक्षक प्रज्ञा बिऱ्हाडे म्हणाली. "पट्टीवर औषधाचं नाव छापलेलं आहे. जहर हा शब्द तुम्ही कुठून आणलात?"

वनाने दाराकडे बोट केलं. तिथूनच आला होता. दोन पोरं मोबाइल उंच धरून चित्रण करत होती आणि मागच्या अंगणात मजूर कुदळ चालवत होते. ज्या माणसाचं प्रेत शोधायला अंगण खणत होते, तो अन्वर मणियार चार दिवसांपासून बेपत्ता होता.

अन्वरचं बांगड्यांचं दुकान जळगावात जुनं. चार दिवसांपूर्वी पहाटे तो घराबाहेर पडला तो परतलाच नाही. हरवल्याची नोंद त्याच्या बायकोने, जुबेदाने केली. दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ उजैर ठाण्यात आला आणि त्याने वेगळीच तक्रार दिली: जुबेदाने नवऱ्याला गोळ्या चारून संपवलं आणि प्रेत नाहीसं केलं. पुरावा म्हणून त्याने रक्ततपासणीचा अहवाल पुढे केला. अन्वरच्या रक्तात लिथियम निघालं होतं तीन पूर्णांक एक.

लिथियम म्हणजे मनाचा तोल सांभाळणारं औषध. त्याची वाट फार अरुंद. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर तेच विष. म्हणून रक्तातलं प्रमाण अधूनमधून मोजतात. ते एकच्या आसपास थांबायला हवं. दोनच्या पुढे जीव धोक्यात. अन्वरचं तीनच्याही पुढे गेलं होतं.

मोठ्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "सूर्य मावळायच्या आत अटक दाखवा, बिऱ्हाडे. नंतर बाईला अटक करता येत नाही, आणि उद्या लोक रस्त्यावर येतील."

अंगणातून मजुराची हाक आली. प्रज्ञा धावली. खड्ड्यात फुटक्या बांगड्यांचा ढीग होता, बाकी काही नाही. गल्ली हिरमुसली. एका माणसाचं प्रेत सापडलं नाही म्हणून माणसं हिरमुसतात, हे बघून प्रज्ञाच्या कपाळाची शीर तडतडली.

२

"गोळ्या बाजरीत का लपवल्या?"

"मग कुठे ठेवू? शोकेसमध्ये?" जुबेदाने मान वर केली. चार दिवस ठाण्याच्या बाकावर बसून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र शाबूत होता. "शेजारणी येतात, फ्रिज उघडतात. बाजरीत कुणी हात घालत नाही. आमच्या घरात मनाचा आजार आहे हे कळलं तर मुलांची लग्नं होतील का, मॅडम? माझी अर्शी कॉलेजात आहे."

"गोळ्या तुम्हीच द्यायच्या?"

"बारा वर्षं. रात्री नऊला. ज्या दिवशी रक्त द्यायचं, त्या सकाळी काही नाही. रात्रीची गोळी आणि सुई यांच्यात बारा तास पाहिजेत, नाहीतर आकडा खोटा येतो. डॉक्टरांनी शिकवलं ते मी कुराणासारखं पाळलं."

"त्या दिवशी काय झालं?"

"काही नाही. हेच तर सांगतेय, कुणी ऐकतच नाही! सकाळी रक्त द्यायला केंद्रावर गेलो. ते खुशीत होते. पाचोऱ्याला नवरीला चुडा भरायला जायचं होतं. रक्त काढताना हसले. म्हणाले, 'जुबेदा, दर वेळी नळीला लाल टोपण असतं. आज हिरवं. माझं रक्तपण चुडा भरून निघालं बघ.' तिथूनच ते बसस्टँडला गेले, मी घरी."

"आणि अहवाल आल्यावर?"

"धुळ्याहून डॉक्टरांचा फोन. माझ्यावरच ओरडले. 'किती गोळ्या दिल्या? सगळ्या बंद करा.' मी बंद केल्या. दोन आठवड्यांनी त्यांची झोप गेली. रात्रभर बांगड्या मोजायचे, गाणी म्हणायचे. मी दवाखान्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, 'थांबा, औषध उतरतंय.' काय उतरत होतं मॅडम? माझा माणूस उतरत होता!"

प्रज्ञाने टेबलावरच्या पट्ट्या उलगडल्या. डॉक्टर दोन महिन्यांचं औषध एकदम देत. जुबेदाने जास्त गोळ्या चारल्या असत्या, तर पट्ट्या लवकर रिकाम्या व्हायला हव्या होत्या. बंद केल्या दिवसापासून जेवढ्या उरायला हव्या, तेवढ्याच उरल्या होत्या. मजूर लावून अंगण खणणाऱ्या खात्यातल्या एकालाही त्या मोजाव्याशा वाटल्या नव्हत्या. त्यात तीही आली. तिला स्वतःचाच संताप आला.

"म्हणजे गोळ्या जास्त गेल्याच नाहीत," ती हळूच म्हणाली.

मग रक्तात तीन पूर्णांक एक आलं कुठून?

३

जीवन सोनगिरेच्या केंद्रात रक्त फक्त काढलं जाई. तपासणी धुळ्याच्या प्रयोगशाळेत. जीवन गोरा, गोड बोलणारा. त्याने आधी पंखा मोठा केला, मग थंड पाणी मागवलं. भिंतीवर त्याचे सत्काराचे फोटो होते. सर्वांत नवा एका जिनिंग कारखान्यातला, कामगारांच्या तपासणी शिबिराचा. खाली तारीख होती. अन्वरच्या रक्ताच्या आदल्या दिवसाची.

"मोठं शिबिर होतं वाटतं."

"अख्खा कारखाना, मॅडम! सामान पुरलं नाही, एवढी गर्दी."

"अन्वर मणियार आठवतात?"

"कसे विसरीन? माणूस उभा राहत नव्हता. हात असे," जीवनने स्वतःचे दोन्ही हात थरथरवून दाखवले. "मी दंड घट्ट धरला तेव्हा शीर सापडली. भाभींना म्हटलं, डोस जास्त झाला का? त्यांनी नजर चुकवली. मी जबाबात लिहून दिलंय सगळं. समाजासाठी एवढं करावंच लागतं."

"बरं केलंत," प्रज्ञा म्हणाली.

बाहेर जीपजवळ उभं राहून तिने पाचोऱ्याला फोन लावला. नवरीची आई कुंदाबाई. पोलीस म्हटल्यावर बाई घाबरतील असं तिला वाटलं होतं. बाई उखडल्या.

"अन्वरभाऊला बायकोनं विष घातलं म्हणता? माझ्या दारात चारपर्यंत बसला होता तो! नवरीचा, माझा, जावांचा, सगळ्यांचा चुडा त्यानंच भरला. एक बांगडी पिचकली नाही. काचेची बांगडी आहे बाई ती, भरणाऱ्याचा हात हलला तर मनगट कापतं. हात हलणाऱ्याला मी माझ्या पोरीचा हात देईन का?"

"कुणी चित्रण केलं होतं का?"

"केलंय ना! माझ्या दिरानं केलंय. त्याला दुसरं काम काय होतं?"

पाच मिनिटांत चित्रफीत आली. मांडवात अन्वर मांडी घालून बसला होता. नवरीचा पंजा त्याने मुठीत मऊ दाबला, अंगठा आत वळवला आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक सरकवल्या. नवरी ओरडण्याच्या तयारीत होती, तिला ओरडायला वेळच मिळाला नाही. बायका हसल्या. अन्वरच्या हातांना कंप नव्हता.

ज्या सकाळी जीवनच्या म्हणण्याप्रमाणे हा माणूस उभा राहत नव्हता, त्याच दुपारी त्याने वऱ्हाडाला काच भरली होती.

"वना, आत जा," प्रज्ञा म्हणाली. "हिरव्या टोपणाची एक रिकामी नळी घेऊन या. काही सांगू नका."

वना जरा वेळाने आला. "तो नळी देवाले तयारच नव्हता मॅडम. मी सांगं, तुले बी गाडीमां बसाडू का?"

प्रज्ञाने नळी उन्हात धरली. टोपणाखाली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. तिने ती एकदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"गाडी धुळ्याकडे घ्या," ती म्हणाली. "आणि वाटेत उजैरभाईंना उचला. तक्रारदार आहेत, डॉक्टरांसमोर पाहिजेत."

४

उजैर मागच्या बाकावर पाठ ताठ करून बसला. पांढरा झब्बा, मेंदीने रंगवलेली दाढी. पारोळा मागे पडला. तसा तो एकदम म्हणाला, "मॅडम, सूर्यास्ताच्या आत परत येऊ ना?"

"तुम्हाला अटकेची घाई?"

"इन्साफची."

"अन्वरना हा आजार पहिल्यापासून होता का?"

"कसला आजार! आमच्या घराण्यात असलं काही नाही. या बाईनं गोळ्या देऊन देऊन त्याला पागल केलं. दुकानातून हिरव्या बांगड्यांच्या दोन पेट्यापण गायब आहेत. तिनंच विकल्या असणार."

"पैसा हवा असलेली बाई सोनं विकते, उजैरभाई. काचेच्या बांगड्या कशाला विकेल?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. प्रज्ञाने आरशात पाहिलं. भाऊ मेला असं मानणारा हा माणूस चार दिवसांत एकदाही रडला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, धाक होता.

"तुमच्या मुलाचं, फैजचं लग्न ठरलंय म्हणे?"

उजैर चटकन वळला. "ते कशाला काढता?"

"सहज."

५

डॉ. निकुंभांचा दवाखाना धुळ्यात पहिल्या मजल्यावर. त्यांनी प्रज्ञाला खुर्ची दिली, उजैरकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले.

"अरे, तुम्ही! बारा वर्षांनी. तुम्हीच ना अन्वरना पहिल्यांदा माझ्याकडे आणलंत? पिंपळनेरच्या बाजारातून धरून?"

उजैरने दाराकडे पाहिलं. दारात वना उभा होता.

"ते आपण नंतर बोलू," प्रज्ञा म्हणाली. "डॉक्टर, रक्तात लिथियम तीनच्या वर असलं तर माणूस कसा दिसतो?"

"हात जोरात थरथरतात. चालताना झोक जातो, जीभ जड होते, उलट्या, गुंगी. लगेच भरती करावं लागतं."

प्रज्ञाने चित्रफीत लावून फोन त्यांच्यापुढे ठेवला. "हा त्याच दिवसाचा अन्वर. रक्त काढल्यानंतरचा."

डॉक्टरांनी पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचा चेहरा उतरला.

"हे शक्य नाही."

"शक्य आहे, कारण आकडा खोटा आहे. गोळ्या मी मोजल्या. जास्त गेलेल्या नाहीत. हात चित्रफितीत आहेत, हलत नाहीत. ज्याने रक्त काढलं तो मात्र जबाबात सांगतो की हात थरथरत होते. त्याला ही थाप का मारावी लागली? चुकीचा अहवाल त्याला खरा वाटला असता, तर पाहिलं तेच त्याने सांगितलं असतं. माणसाला अहवालाच्या मापाचा करून दाखवायची गरज ज्याला अहवाल खोटा असल्याचं ठाऊक आहे त्यालाच पडते." तिने खिशातून नळी काढून टेबलावर ठेवली. "वाचा."

डॉक्टरांनी वाचलं आणि डोळे मिटले.

"लिथियम हेपरिन," प्रज्ञाच म्हणाली. "मी डॉक्टर नाही. पण जे मोजायचं, त्याचंच नाव नळीवर छापलंय, एवढं मला वाचता येतं."

"रक्त गोठू नये म्हणून नळीला आतून हे लावतात," डॉक्टर कसंबसं म्हणाले. "हे लिथियमचंच मीठ. बाकी कित्येक तपासण्यांना ही नळी चालते. लिथियमला कधीच नाही. नळीतलं लिथियम रक्तात मिसळतं. लाल टोपणाची साधी नळी लागते."

"ती आदल्या दिवशी शिबिरात संपली होती. प्रयोगशाळेला विचारा."

डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडे दिपमाला नावाची तंत्रज्ञ होती. ती आधी अडखळली, मग भडाभडा बोलली. "सर, मी त्यांना तेव्हाच फोन केला होता, नळी चुकीची आहे, नमुना परत पाठवा. सोनगिरे म्हणाले, डॉक्टरांशी बोलणं झालंय, तपासणी लावून टाका. मी विश्वास ठेवला. आमच्याकडे ज्या केंद्राचे नमुने सारखे परत जातात, त्यांचं काम काढून घेतात. सोनगिरेंचे आधीचे दोन नमुने बाद झाले होते."

"माझ्याशी कुणीही बोललं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही?" प्रज्ञा उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "तुम्ही कुणाशी बोललात? मोबाइलवर आकडा पाहिलात आणि बाईला झापलंत. भरती करण्याजोगा आकडा होता, तर भरती का नाही केलंत? दुसरा नमुना का नाही मागवलात? 'त्याचे हात हलतात का?' एवढं फोनवर विचारलं असतंत तरी पुरलं असतं. आकड्यामागे एक माणूस आहे, हे चित्रफीत बघून कळावं लागतं तुम्हाला?"

"माझी चूक आहे. मी लिहून देतो."

"द्याच."

मग ती उजैरकडे वळली.

"आता तुम्ही. भावाला विष चढलेलं नव्हतं. त्याचं चांगलं चाललेलं औषध काढून घेतलं गेलं आणि आजार उसळला. तो मेलेला नाही, भटकतोय. झोपेशिवाय, या उन्हात, दोन पेट्या घेऊन. कुठे, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

उजैरने ओठ चावले. "फैजचं लग्न... घरात पागल आहे कळलं तर ते लोक..."

"म्हणून वहिनीला खुनी केलंत?"

"खुनी बाई बाहेरून आलेली असते," तो पुटपुटला. "पागल आपल्या रक्ताचा."

वनाचा हात उठला. प्रज्ञाने नजरेनेच तो खाली घ्यायला लावला. तिचाही उठला असता.

"कुठे?"

"पिंपळनेर. बाजारात. तेव्हापण फुकट बांगड्या वाटत होता."

६

वाटेतूनच प्रज्ञाने साहेबांना फोन केला. अटक होणार नव्हती. साहेब चिडले, मग ऐकत गेले, मग म्हणाले, "लोकांना काय सांगू?"

"अंगण त्यांच्यासमोर खणलं ना साहेब? हेही त्यांच्यासमोर सांगा. बाईला आणि मुलीला गाडी देऊन धुळ्याला पाठवा. आणि जीवन सोनगिरेला ठाण्यात बसवा, त्याच बाकावर."

साक्री मागे पडली. डोंगर जवळ आले. पिंपळनेरचा आठवडे बाजार उठत आला होता. पाड्यांवरून आलेल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या, आणि त्यातल्या कित्येकींच्या हातांत कोऱ्या हिरव्या बांगड्या होत्या. प्रज्ञा पहिल्या दिसलेल्या पालाशी थांबली.

"कुणी भरल्या?"

"वेडा बाबा शे एक," मिरच्या विकणारी म्हातारी म्हणाली. "पैसा ले नही. तीन दिन व्हयनात, खात नही, निजत नही. दुपारी पडना. आम्ही त्याले तठे सावलीमां ठेवेल शे, पानी पाजेल शे."

चिंचेखाली गोणपाटावर अन्वर पडला होता. ओठ फुटलेले, टाचांना फोड, बोटं काचेने चिरलेली. घसा बसला होता तरी बोलणं थांबत नव्हतं. प्रज्ञा गुडघ्यावर बसली तसा त्याने तिचा हात पकडला.

"ताई, मनगट मोकळं ठेवू नका. पेटी आणतो."

"आणा," ती म्हणाली. "आधी पाणी प्या."

मागे उजैर उभा होता. चार दिवसांत पहिल्यांदा तो रडत होता. प्रज्ञाला त्याची कणव आली नाही.

"रडणं नंतर. त्यांचे पाय धरा, गाडीत घालायचंय."

७

तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या रुग्णालयात अन्वर झोपला. नव्या नमुन्यात लिथियम जवळजवळ नव्हतंच. औषध पुन्हा सुरू झालं. मूळ जागी यायला आठवडे लागतील, असं सांगण्यात आलं.

जळगावात जीवन सोनगिरेने तीनदा जबाब बदलला होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, माणसाच्या हातून नळी चुकते. एवढ्यासाठी गुन्हा?"

"नळीसाठी नाही," प्रज्ञा म्हणाली होती. "नळी चुकली, ती तंत्रज्ञाने तुमच्या लक्षात आणून दिली. तेव्हा तुम्ही खोटं बोललात. मग एक बाई चार दिवस या बाकावर बसली होती आणि तुम्ही पंख्याखाली बसून माझ्यापुढे हात थरथरवून दाखवलेत. त्यासाठी."

आता ती रुग्णालयाच्या ओसरीत उभी होती. जुबेदा भिंतीला टेकून बसली होती, शेजारी अर्शी. उजैर मोसंब्यांची पिशवी घेऊन आला आणि वहिनीसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"जुबेदा, मला माफ कर."

"माफी मला एकटीला?" तिने पिशवीकडे पाहिलंही नाही. "बदनामी तर गल्लीभर वाटलीत. माझं अंगण खणलं, लोकांनी मोबाइलवर घेतलं. अर्शीच्या मैत्रिणींनी पाहिलं. आणि माफी इथे, कोपऱ्यात, हळू आवाजात?"

"काय करू सांग."

"फोन लावा. फैजच्या होणाऱ्या सासरी. आवाज मोठा करून."

"जुबेदा! लग्न मोडेल."

"ज्या लग्नासाठी मला फासावर द्यायला निघालात, ते मोडायला एवढं घाबरता? लावा."

उजैरने प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाने रस्त्याकडे पाहिलं. ही तपासाची गोष्ट नव्हती.

फोन वाजला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. सलाम झाला, उन्हाची चौकशी झाली.

"खालाजान, एक सांगायचं होतं. माझ्या भावाला, अन्वरला, मनाचा आजार आहे. बारा वर्षांपासून. औषधावर चांगला असतो."

उजैरने फोन बंद करायला बोट उचललं.

"अर्धंच झालं," जुबेदा म्हणाली.

"आणि... त्याच्या बायकोने त्याला काही खाऊ घातलेलं नाही. तिनेच त्याला सांभाळलं. ती तक्रार खोटी होती."

मग म्हातारी म्हणाली, "आजाराचं बघू आम्ही. आजार कुणाच्या घरात नाही? पण बेटा, त्या बिचारीला चार दिवस पोलीस ठाण्यात बसवलं म्हणे. कुणी दिली होती ती तक्रार?"

उजैरने बाहेरच्या वाटेकडे पाहिलं. जुबेदा उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी," उजैर म्हणाला.